बैलानं खाल्लेल्या भाकरी

एस्तेर आणि मी शेवटचं काम मिळून केलं ते गोधडीचं. धुळ्याच्या घरी, पुढच्या ओट्यावर, दुपारचा चहा झाल्यावर. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायांसाठी ती जुन्या लुगड्यांच्या लहान गोधड्या शिवायची, बाळ गुंडाळता येईल एवढ्या. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं आणि मला टाका घालता येत नव्हता. म्हणून दोरा मी ओवायचा, टाके तिनं घालायचे, अशी आमची वाटणी. त्या दिवशी मी दोरा लांब ओवला. ती म्हणाली, "अहो, एवढा लांब? विहिरीत बादली सोडायची आहे का मला?" मी म्हटलं, "तुला सारखं मागायला लागू नये म्हणून." तर म्हणते कशी, "मला मागायची लाज नाही. लाज तुम्हाला होती, पोरपणी. ती राजाची गोष्ट एकदा लिहून ठेवा. आणि झाली तशी लिहा, तुम्ही पाहुण्यांना सांगता तशी नको." मी हूं म्हटलं आणि दुसरा दोरा ओवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी सावकाश चाललो का, हे आता कुणाला विचारू? ते असो. तिनं लिही म्हटलं होतं, म्हणून लिहितोय. चार बुकं शिकलेला माणूस आहे मी. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं.

आमचं बालपण पिंपळनेरच्या बाजूला गेलं. गावाबाहेर मिशनचा छोटा दवाखाना होता, त्याच्या आवारात मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आणि बैलांचा गोठा. बा दवाखान्याचा गाडीवान. डोंगरातल्या पाड्यांवरून आजारी माणसं गाडीत घालून आणायची आणि बरी झाली की परत पोचवायची, हे त्याचं काम. बरी नाही झाली तरी परत पोचवायची. माय दवाखान्यात झाडलोट करायची, जखमांच्या पट्ट्या मोठ्या पातेल्यात उकळायची. तिच्या हाताला कायम त्या औषधी पाण्याचा वास. भाकरी थापली तरी तिच्यात तो वास उतरायचा, आणि मला अजून वाटतं की स्वच्छ भाकरीचा वास तसाच असतो. आमचे लोक मूळचे धुळ्याकडचे महार. बा लहान असताना त्याच्या बापानं बाप्तिस्मा घेतला. गावात आम्हाला कुणी ओट्यावर चढू देत नव्हतं आणि आवारात डॉक्टर साहेब बाच्या खांद्याला खांदा लावून आजारी माणसाची खाट उचलायचा. यावरून बानं काय ते समजून घेतलं आणि तो जन्मभर ताठ चालला. गरिबाचं करणं म्हणजे उपकार नाही, आपल्याला मिळालेला मान आहे, असं तो म्हणायचा. गाडीवान होता, पण बोलणं असं.

मायची एक रीत होती. सकाळी जात्यावर बसायच्या आधी ती टोपल्यातली एक मूठ ज्वारी कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. टाकताना काही पुटपुटायची नाही, डोळे मिटायची नाही. शनिवारी दुपारी ते मडकं बाहेर यायचं आणि दाराशी जमलेल्यांना मूठ-मूठ वाटलं जायचं. येणारे बहुतेक नाल्यापलीकडच्या वस्तीतले भिल्ल. मूठ बारीक झाली असं एखाद्या दिवशी वाटलं तर माय अजून चार दाणे टाकायची आणि आम्हाला म्हणायची, "तुमना बाप देनारा शे, आपन देनारा शेतस. ध्यानमा ठेवा." हे मी इतकं ध्यानात ठेवलं की त्यातूनच पुढचं सगळं झालं.

सकाळची प्रार्थना हा आमच्या घरातला मोठा आवाज. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. शिव्या अहिराणीत, लाड अहिराणीत, बैलांशी बोलणं अहिराणीत. पण देवापुढे बसलं की बा पुस्तकी मराठी बोलायचा, कारण त्याला ज्या म्हाताऱ्या उपदेशकानं प्रार्थना पाठ करून दिली तो पुण्याकडचा होता. बाला त्यातले निम्मे शब्द कळत नसावेत, पण तो ते गाडी हाकल्यासारखे म्हणायचा. गाडीवानाला हळू बोलता येत नाही. उजाडायच्या सुमाराला त्याचा आवाज सुटला की गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे, नाल्यापलीकडची कुत्री भुंकायची. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली ती रोजच्या भाकरीची ओळ आली की बाचा आवाज अजून चढायचा, कारण तेवढी ओळ त्याला आतून कळायची. आता आमच्या प्रार्थना मंदिरात भोंगा लावलाय. तरुण पोरं त्यातून गाणी म्हणतात. बाच्यापुढे तो भोंगा काही नाही.

मी तेव्हा पंधरा-सोळाचा. मिसरूड फुटलं होतं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, चैत्र लागला तसे नाले कोरडे पडले आणि वस्तीतले लोक डोंगरात कंद खणायला जाऊ लागले. आमच्याकडे मिशनचा पगार होता, ज्वारी महाग असली तरी दोन वेळ पोटभर होती. प्रार्थना झाली की बा आणि माय दोघं दवाखान्यात जायची आणि मी बैलांना पाणी पाजून, चारा घालून गाडी जुंपून ठेवायचो. दोन बैलांतला डावा राजा. पांढरा, कानाला काळा ठिपका, खादाड. त्या वर्षी त्यालाही कडबा मोजून मिळत होता.

एका सोमवारी मी राजाचं दावं सोडत होतो तर दारात भुरकीबाई उभी. भुरकीबाई नाल्यापलीकडची भिल्लीण, शनिवारी ज्वारी न्यायला येणाऱ्यांतली. साठीची असेल. तिच्या म्हाताऱ्याचा पाय सडला होता, तेव्हा बानंच त्याला गाडीतून दवाखान्यात आणलं होतं. पाय वाचला, पण म्हातारा फार चालू शकत नव्हता. घरात दोघंच. ही बाई कधी शनिवारशिवाय यायची नाही. मी विचारलं, "काय वं, आज शनवार शे का?" ती काही न बोलता पुढं आली आणि पदराखालून पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उघडून बघतो तर भाकर. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठात वाळवलेली मोहाची फुलं कुटून केलेली. काळी, शेणीसारखी, कडेला फुटलेली.

मी म्हटलं, "हाई काय?"

"तुमनासाठे," ती म्हणाली. "तुना बाप रोज सकायले वरडस. बाकीनं माले काय समजत नही. पन भाकर मांगस, इतलं समजस. 'दे' म्हनस. आमले ज्वारी दी टाकतस अन सोता भुक्या ऱ्हातस का रे? पहिलेच सांगता ना." आणि जरा पुढं वाकून हळूच विचारलं, "तुमना देव बहिरा शे का? रोज मांगनी पडस."

मी हसलो नाही. मला राग आला. तो राग कसला होता ते आज मी सरळ लिहितो. आम्ही देणारे. आम्हाला ही बाई भुकेकंगाल समजली. आणि दुसरं, ती भिल्लीण. आमचा बाप्तिस्मा झाला, आम्ही एका ताटलीतला प्रभुभोजनाचा तुकडा घेत होतो, पण भिल्लाच्या हातचं खायचं नाही ही अक्कल काही त्या पाण्यानं धुतली गेली नव्हती. ज्यांनी आम्हाला ओट्यावर चढू दिलं नाही त्यांच्याकडून ती शिकलो होतो आणि खालच्यांवर चालवत होतो. मी तिला धड काही बोललो नाही. "बरं, ठेव," म्हटलं. ती वळली. ती नाल्याकडे चार पावलं गेली असेल तेवढ्यात मी ती भाकर राजाच्या पुढ्यात टाकली. राजानं दोन घासांत संपवली.

आणि ती बाई परत फिरली होती. पळसाचं पान न्यायचं विसरली होती. पानं पण त्या वर्षी लांबून आणावी लागत. तिनं राजाचं तोंड हलताना बघितलं, माझ्या हातातलं रिकामं पान बघितलं.  वाटलं, आता ही ओरडणार, बाला सांगणार. भुरकीबाई राजाजवळ गेली, त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की तशा नजरेनं माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. म्हणाली, "सोता नही खादी. मुका जीवले दिन्ही. अरे पोऱ्या!"

 तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी गप्प राहिलो आणि मला, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दोन भाकरी घेऊन आली. "एक तुले, एक राजाले." मी दोन्ही घेतल्या, ती गेल्यावर दोन्ही राजाला दिल्या. बुधवारी पुन्हा दोन. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी सकाळी पण दोन-दोन, एकेका पानात एकेक. पानं ती आता परत मागायची नाही, ती मी गव्हाणीत कडब्याखाली दडपायचो. राजा तर तिला लांबून बघून हंबरायला लागला. मला रोज वाटे, आज सांगू की बाई, आम्ही भुकेले नाही, नको आणू. पण ते सांगायचं तर पहिल्या भाकरीचंही सांगावं लागलं असतं. एस्तेर या जागी मला कायम अडवायची. पाहुण्यांपुढे सांगताना मी ह्या चार-पाच दिवसांवरून पटकन पुढे जायचो आणि ती चहाचा कप ठेवत म्हणायची, "थांबा. त्या दिवसांत ती दोघं काय खात होती, ते सांगा ना आधी." एस्तेर बोदवडची, तिचा बाप स्टेशनात पॉइंट्समन होता. गाडी चुकीच्या रुळावर गेली की काय होतं ते तिला घरातच शिकवलेलं. तर सांगतो. ती दोघं कंद खात होती. कडू कंद, चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, पाणी बदलत रात्रभर भिजवून. नीट नाही भिजला तर घसा सुजतो. घरात थोडं नागलीचं पीठ होतं, ते दुखऱ्या पायाच्या म्हाताऱ्यासाठी ठेवलं होतं. त्या पिठाच्या भाकरी मी बैलाला घालत होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं, हेही खरं.

शनिवारी मडकं बाहेर आलं. दाराशी सात-आठ माणसं. माय मुठी भरत होती, बा बाजूला उभा. भुरकीबाईची पाळी आली तशी तिनं पदर पुढे केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, तुना पोऱ्या मानूस नही शे. देव शे. सोता भुक्या ऱ्हायना अन मनी भाकर बैलले खावाडी दिन्ही. मी मना डोयाघाई देखं." वस्तीतले लोक माझ्याकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "गाडीवानना पोऱ्या शे ना, तसाच निघना." बाला नीट काही कळलं नव्हतं, पण जेवढं कळलं तेवढ्यानं त्याची छाती फुगली. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. बाचा हात म्हणजे जू. तो पाठीवर पडला की माणूस खाली वाकायचा.

बा त्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेला. मास्तर आवारातली शाळा चालवायचे आणि रविवारची उपासनाही तेच घ्यायचे. रविवारी शाळेच्या खोलीत सगळी मंडळी चटयांवर बसली, गीत झालं, आणि मास्तरांनी शास्त्राचा पाठ बाजूला ठेवून माझी गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत मी तीन दिवसांचा उपाशी होतो. बैल मरायला टेकला होता. बायांनी पदर डोळ्यांना लावले. बा पुढच्या चटईवर होता आणि त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं, तो ते पुसतही नव्हता. मी बाला रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मी खाली चटईच्या काड्या मोजत बसलो.

उपासना झाल्यावर माय गोठा साफ करायला गेली. रविवारी ती गव्हाण रिकामी करून धुवायची, हे मला आठवायला पाहिजे होतं. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. हाक साधीच होती. गेलो तर तिच्यापुढे जमिनीवर पळसाची पानं ओळीनं मांडलेली. दहा. पहिल्या दिवसाचं भुरकीबाईनं परत नेलं होतं, बाकीची आठवड्याभरातली सगळी. एकेका पानावर काळं पीठ चिकटलेलं.

"पहिले दिनले बैलले दिन्ही, ते समजनं," माय म्हणाली. "बाकीन्या?"

मी गव्हाणीची कड धरली.

"तू भुक्या व्हता का?"

"नही."

"तू एक तरी खादी का?"

"नही."

"काबर?"

"काळी व्हती," मी म्हटलं. आणि मग ते सगळंच आलं. ती भिल्लीण आहे, तिनं आम्हाला भिकारी समजलं, मी रागानं टाकली. मायनं मला मारलं नाही. तिनं पानं गोळा केली, नीट एकावर एक ठेवली. तेवढ्यात मागं बा उभा होता हे मला दिसलं. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याचे डोळे अजून लाल होते, सकाळचे. तो म्हणाला, "म्हणजे मी आठे सभामा रडनू, ते काय तुना खोटासाठे रडनू का रे?" आवाज हळू. मी म्हटलं ना, गाडीवानाला हळू बोलता येत नाही. त्या दिवशी आलं. माझ्या जन्मात मला मिळालेली सगळ्यात मोठी शिक्षा ती. पुढं मोर्च्यात मी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, पण त्याचं काही नाही.

माय जेवायला वाढायला उठली नाही. बा म्हणाला, "आमले सांगीसन काय फायदा? जिनी भाकर ती, तिले सांग." आणि डोक्याला पटका गुंडाळून तो मास्तरांकडे निघाला. तिथं काय झालं ते मला मागाहून मायनं सांगितलं. मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो, गोष्ट चांगली आहे, लोकांना बोध होतो, डॉक्टर साहेबांनाही मी सांगितलीय." बा त्यांना म्हणाला, "मास्तर, खोट्या जूवर गाडी चालत नाही. येत्या रविवारी तुम्ही सांगा, नाहीतर मी उठून सांगतो." मास्तरांपुढे आमचे लोक वर मान करून बोलत नसत. माझ्या बापानं केली. आमचे पाळक म्हणतात अभिमान हे पाप आहे. असेल. हा मी ठेवून घेतो.

मी नाला उतरून वस्तीत गेलो. दुपार टळली होती, ऊन उतरणीला. तिच्या झोपडीपुढं चुलीवर मडकं होतं, त्यातून राखेचा नि कडवट वास. म्हातारा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला होता. भुरकीबाईला वाटलं मी काही आणलंय. तिनं हात पुसून मला बसायला पोतं टाकलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं. मी भुकेला नव्हतो. आम्ही कुणीच नव्हतो. पहिली भाकर काळी होती आणि तुझ्या हातची होती म्हणून मी टाकली. बाकीच्या मी भीतीनं टाकल्या. हे सगळं एका दमात बोललो आणि मग तिच्याकडे बघायची छाती होईना.

 तिनं विचारलं, "भूक नही तरी तुमी मांगतस? रोज?"

"हा."

"काबर?"

 मास्तरांनी याचं उत्तर शिकवलं असेल, मला आठवेना. मी म्हटलं, "माले म्हाईत नही." आज ऐंशी पार केल्यावरही कुणी विचारलं तर धड सांगता येणार नाही. एवढं कळतं की पोट भरलेलं असताना ती ओळ म्हणायची तर ज्याचं पोट रिकामं आहे त्याच्या वतीनं म्हणायची. नाहीतर म्हणू नये. हे मी पाळकांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "आबा, असं नसतं." बरं, नसेल.

भुरकीबाईचा आवाज एकदम चढला. "मना म्हातारा आठ दिन कंद खाई ऱ्हायना! त्याना घसा सुजना! पीठ त्यानं व्हतं!" तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढून जमिनीवर आपटलं. ठिणग्या माझ्या पायावर आल्या. मी हललो नाही. मला वाटलं, आता मारेल तर बरं. तेवढ्यात भिंतीपासून खर्र खर्र आवाज आला. म्हातारा हसत होता. सुजलेल्या घशानं हसताना त्याला खोकला आला, खोकता खोकता तो पुन्हा हसला. "बैलनी खादी ना?" तो म्हणाला. "तोच बैल माले गाडीमा दवाखानामा लई गया व्हता. खावू दे त्याले. तुले बी व बाई, हौस! रोज लुगडं सावरी सावरी जाये. सांगे, त्या लोकसना देव भाकर देत नही, आपन देसूत." आणि बायकोकडे बघून पुन्हा हसायला लागला. "देव व्हई गयी व्हती मनी बायको, आठ दिन."

ती त्याच्यावर ओरडली. त्यांच्या भाषेत, मला समजलं नाही, पण शिवी असावी. मग तिलाच हसू आलं. तिनं तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. मी मात्र रडत होतो. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आज जेवना का?"

"नही."

"आते भूक लागनी का?"

"लागनी."

"मंग मांग."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती चुलीपाशी बसली, हातात डाव घेऊन, वाट बघत. म्हातारा पण बघत होता. शेजारच्या झोपडीतल्या बायाही बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आम्ही देणारे.  मी त्या पोत्यावर बसलो आणि माझ्या घरच्या बोलीत म्हणालो, "माय, भाकर दे."

"भाकर नही शे," ती म्हणाली. "तू बैलले दी टाकी." आणि त्या बाया खो खो हसल्या. मग तिनं मडक्यातले कंदाचे चार तुकडे पानावर काढले, त्यातला सगळ्यात मोठा माझ्यापुढे सारला, एक म्हाताऱ्याला दिला, एक स्वतः घेतला. मी खाल्ला. कडू होता. घशाला खाज सुटली. मी पाणी मागितलं, तिनं दिलं, ते मी तिच्याच मडक्यातून प्यालो. चौथा तुकडा उरला, तो तिनं मला दिला. मी नको म्हणणार होतो. नाही म्हटलं.

घरी आलो तेव्हा बा ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "सांगं?" मी हो म्हटलं. "मंग?" मी म्हटलं, "तिनी माले खावाडं."  बानं सरकून बसायला जागा केली. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तसेच बसलो. त्यानं पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला नकोच होता.

लोक मला म्हणतात, आबा, तुम्ही आणि एस्तेरबाईंनी गरिबांचं फार केलं. केलं. गोधड्या केल्या, आजाऱ्यांना पोचवलं, पुराच्या वर्षी घरात नऊ माणसं ठेवली. त्यातलं काही मी लपवत नाही, मला त्याचा अभिमान आहे. पण माझ्या आईबापाइतकाच मला भुरकीबाईचा अभिमान आहे, की तिनं मला कामाला लावलं. कारण त्या संध्याकाळी निघताना तिनं सांगितलं होतं, उद्या सकाळी ये, माझं पीठ संपलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेची चटई पसरली तेव्हा मी बाला म्हटलं, "मी जास." तो म्हणाला, "जाय." मी गोठ्यातली कुदळ खांद्यावर टाकली आणि नाल्यापलीकडे भुरकीबाईच्या मागोमाग डोंगर चढायला लागलो. मागून बाचा आवाज ऐकू येत होता, वळण येईपर्यंत. वाळलेला वेल जमिनीत कुठं शिरतो ते तिनं मला बोटानं दाखवलं. मी घाई करून पहिला कंद कुदळीनं मधोमध तोडला. ती म्हणाली, "डोया काय घर ठी उना का?" मग दुपारपर्यंत खणत राहिलो. हाताला फोड आले, ते फुटले. उतरताना तिच्या टोपलीत सात कंद होते. त्यातले पाच मी खणले. नाही. झालं तसं लिहायचं तर तीन, आणि तो तुटलेला धरून.